विस्मरणात गेलेल्या बेसबॉलपटूंवर प्रश्नमंजूषा कशी तयार करावी

शालेय स्पर्धांमुळे मराठवाड्यात सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी लेकरं बरीच आहेत. अमेरिकेचा नामवंत फलंदाज बेब रूथ त्यांच्या कानावरून गेलेला असतो, पण त्याच्या आधीची पिढी त्यांना कोणी सांगितलेलीच नसते. शिबिरात संध्याकाळच्या सरावानंतर तासाभरात ती ओळख करून देता येते. तिघांचा एक संघ करा, 20 प्रश्न ठेवा, उत्तराला 30 सेकंद द्या आणि प्रत्येक उत्तरानंतर दोन मिनिटं खुलाशाला राखा. पडदा-प्रोजेक्टरच्या भानगडीत पडू नका. वीज गेली की सगळं तिथंच थांबतं. छायाचित्रं ए-फोर कागदावर छापून घ्या.

काळ 1869 ते 1893 असा बांधून घ्या. 1869 मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ उभा राहिला आणि 1893 मध्ये पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) होम प्लेटपासूनचं, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीपासूनचं अंतर आजच्याइतकं, म्हणजे 60 फूट 6 इंच झालं. मधल्या काळात नियम सतत बदलत होते. म्हणून प्रश्न लिहायच्या आधी नियमांचा तक्ता करा. हे काम टाळलं की अर्धे प्रश्न चुकलेच म्हणून समजा.

तक्त्यात एवढं तरी हवं: 1880 पर्यंत पिचर 45 फुटांवरून टाकत असे, 1881 पासून 50 फुटांवरून. नॅशनल लीग या अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेत खांद्यावरून टाकायला मोकळीक मिळाली ती 1884 मध्ये. 1879 मध्ये फुकटचा पहिला बेस मिळवायला 9 बॉल (पट्ट्याबाहेर पडलेले चेंडू) लागत, 1889 पासून 4. एकट्या 1887 मध्ये बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू) लागत आणि बॉलवर मिळालेला बेससुद्धा हिट (यशस्वी फटका) म्हणून मोजला गेला. अंतराबाबत एक खाच आहे. 50 फूट हे पिचरच्या चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंतचं माप, तर 1893 चं माप पायाखालच्या पट्टीपासूनचं. 1887 पासून मागचा पाय 55 फूट 6 इंचांवरच्या रेषेवर ठेवावा लागत होता, त्यामुळे खरी वाढ साडेदहा फुटांची नव्हे, पाचच फुटांची. ‘अंतर किती वाढलं?’ असा प्रश्न काढलात तर वाद ओढवून घ्याल.

45 फूट मैदानावरच दाखवा. होम प्लेटपासून टेप लावा, चुन्यानं रेघ मारा आणि एखाद्या मुलीला खालून चेंडू टाकायला सांगा. सॉफ्टबॉलमध्ये महिलांचं अंतर 43 फूट, पुरुषांचं 46, त्यामुळे तो जुना बेसबॉल लेकरांच्या अंगवळणी पडलेलाच निघतो. मग 12 जून 1880 ला वूस्टरच्या ली रिचमंडनं क्लीव्हलँडचा एकही फलंदाज बेसवर पोहोचू दिला नाही, आणि पाचच दिवसांनी जॉन माँटगोमेरी वॉर्डनंही तेच केलं, हे सांगा. चेंडू किती जवळून येत होता ते त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं.

आता सगळ्यात रसाळ प्रश्न. शिकागोच्या नेड विल्यमसनचे तीन हंगाम फळ्यावर लिहा: 1883 मध्ये 2 होमरन (चारही बेस एकाच फटक्यात मिळवून देणारे फटके), 1884 मध्ये 27, 1885 मध्ये 3. नाव नंतर सांगा, आधी कारण विचारा. शिकागोच्या मैदानाचं डावं कुंपण जेमतेम 180 फुटांवर होतं. 1883 पर्यंत त्यापलीकडचा फटका दोन बेसचा धरत, म्हणून त्या वर्षी त्याच्या नावावर 49 डबल आहेत. 1884 मध्ये त्यालाच होमरन म्हणायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी संघानं मैदान बदललं. तरी तो 27 चा विक्रम 1919 मध्ये रूथनं 29 होमरन मारेपर्यंत टिकला. नियम पोटात घेऊन येणारा असा आकडा सापडला की प्रश्न आपोआप उभा राहतो.

‘पहिला’ हा शब्द फार जपून वापरा. ‘पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण?’ म्हटलं की जॅकी रॉबिन्सन असं उत्तर येतं, पण तो अमेरिकेच्या सर्वोच्च स्तरावर आला 1947 मध्ये. मोझेस फ्लीटवुड वॉकर 1884 मध्येच टोलेडोचा कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) होता, आणि विल्यम एडवर्ड व्हाइट 1879 मध्ये प्रॉव्हिडन्सकडून एक सामना खेळून गेला होता. म्हणून प्रश्नात वर्ष आणि संघ घाला: ‘1884 मध्ये टोलेडोकडून 42 सामने खेळलेला कॅचर कोण?’ याचं उत्तर एकच येतं.

दोन आकडे सापडले तर दोन्ही मान्य करा, किंवा प्रश्नच बदला. प्रॉव्हिडन्सचा पिचर चार्ल्स रॅडबर्न याच्या नावावरचे 1884 मधले विजय कुठे 59 तर कुठे 60 असे छापलेले असतात. एका सामन्यात सुरुवातीच्या पिचरनं पाच इनिंग टाकून आघाडी राखली होती, तरी तेव्हाच्या लेखनिकानं विजय रॅडबर्नला दिला. आजच्या नियमानं तो पहिल्याचा ठरतो. प्रश्न विचारायचाच तर हा फरक का पडला ते विचारा.

कारणं जोडतानाही सांभाळा. रॉस बार्न्सची 1876 मधली फलंदाजीची सरासरी (हिट भागिले संधी) .429 होती. चेंडू आधी आत टिपवून फाऊल रेषेच्या बाहेर पळवायचा त्याचा फटका 1877 मध्ये नियमानं बंद झाला आणि सरासरी .272 वर आली. पण त्या वर्षी तो आजारी होता आणि 22 च सामने खेळला. फक्त नियमावर खापर फोडणारं उत्तर अर्धे गुण मिळवतं.

टोपणनावांची एक फेरी ठेवावीशी वाटेल. त्यातली शारीरिक व्यंगावरून पडलेली नावं गाळा. कर्णबधिर विल्यम हॉयला त्या काळी ज्या नावानं हाक मारत, ते आज मुलांसमोर उच्चारू नये. त्याची कामगिरी विचारा: 19 जून 1889 ला त्यानं एकाच सामन्यात आऊटफिल्डमधून (मैदानाच्या दूरच्या भागातून) फेकून तीन धावपटू होम प्लेटवर बाद केले.

उत्तरपत्रिकेत नावं देवनागरीतच लिहायला सांगा आणि उच्चार जवळपास जुळला की गुण द्या. परीक्षकाकडच्या कागदावर प्रत्येक उत्तरासमोर वर्ष, संघ आणि त्या वर्षीचा नियम असे तीन रकाने भरलेले असू द्या. हरकत आली तर ती त्याच कागदावरून तिथल्या तिथे मिटवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.