बडोद्यात मानवविकास शिकायला येताय?

सयाजीराव विद्यापीठात मानवविकास शिकायला आलेल्या मुली मला हमखास विचारतात, 'ताई, लिंगभेदाच्या विषयासाठी आधी काय वाचू?' मी म्हणते, आधी निरीक्षणाची वही नीट लिहायला शिका.

बालवाडीतल्या प्रॅक्टिकलला सुरुवातीला सगळ्यांच्या वहीत 'मुलगा चिडला', 'मुलगी घाबरली' असंच असतं. ते खोडा. 'ठोकळा फेकला, ओठ आवळले, बाईंकडे पाहिलं' एवढंच लिहा. १९७६ साली जॉन आणि सँड्रा काँड्री या संशोधकांनी मोठ्या माणसांना एका बाळाची चित्रफीत दाखवली. पेटीतून बाहुला उसळतो, बाळ रडायला लागतं. बाळ मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना रडण्यात राग जास्त दिसला. मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती. बाळ तेच! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात पाहणारेच तपासले गेले. वही हातात घेतली की आपणही त्यांच्यातलेच.

मुलांच्या मुलाखतीत घाई नको. चार वर्षांच्या मुलीला विचारा, 'केस कापून शर्ट-पँट घातली तर तू मुलगा होशील?' बऱ्याच जणी अगदी गंभीरपणे 'हो' म्हणतात. हसू नका, 'मग परत फ्रॉक घातला तर?' असं पुढे विचारा. कपडे बदलले तरी आपण तेच राहतो ही समज सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होते, असं मानसशास्त्रज्ञ कोलबर्गने १९६६ मध्ये मांडलं. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला तेही नोंदवा. दांडिया बाजारातलं मराठी मूल घरी 'खेळतो-खेळते' ऐकतं, शाळेत गुजरातीत 'रमे छे' मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं.

आकडेमोडीला घाबरू नका, ती लागतेच. मॅकोबी आणि जॅकलिन यांचा स्त्री-पुरुषांमधल्या फरकांवरचा १९७४ चा ग्रंथ जुना असला तरी वाचा. मग त्याच विषयावरचा जॅनेट हाइड यांचा २००५ चा लेख घ्या. त्यांनी ४६ मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेली विश्लेषणं) तपासले. ७८ टक्के फरक लहान किंवा जवळपास शून्य निघाले. चेंडू किती लांब फेकला यात मात्र फरक मोठा आहे, तोही लपवायचा नाही. म्हणून कुठलाही तक्ता समोर आला की सरासरीच्या रकान्यावर थांबू नका. शेजारचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत, ते बघा आणि मुलगे-मुली दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर काढा, हातानेच.