मयताचा दावा: घरच्यांना दोनच खेपा पडाव्यात म्हणून शाखेत काय करावं

जत तालुक्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत आठवडी बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका दिवशी एक मावशी माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात खताच्या दुकानातली पिशवी. तिच्यात नवऱ्याचं पासबुक, मृत्यूचा दाखला, दोन आधार कार्डं, रेशनकार्ड, सगळं हाताळून दमट झालेलं. "साहेब, ही सहावी खेप हाय. आता तरी समदं हाय का बघा," म्हणाल्या.

खात्यात एकोणीस हजार रुपये होते. सिस्टीममध्ये नॉमिनी दिसत नाही म्हणून आमच्याच काउंटरवरून त्यांना कोर्टाचा वारस दाखला आणायला सांगितलं होतं. एवढ्या रकमेला तो लागत नाही, वारसांच्या अर्जावर आणि हमीपत्रावर काम होतं, हेसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. मी दफ्तरीला घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेलो. खातं संगणक येण्याआधीचं. सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात खातं उघडायचा मूळ अर्ज सापडला. त्याच्या मागे डीए-१, म्हणजे ठेवीला नॉमिनी नेमायचा फॉर्म टाचलेला होता आणि त्यावर याच मावशींचं नाव होतं. लेजरवरून खाती सिस्टीमवर चढवताना ती नोंद राहून गेली होती. पैसे त्याच दिवशी त्यांच्या खात्यात वर्ग केले, पण त्या पाच खेपांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी परत देणं माझ्या हातात नव्हतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मयताच्या दाव्यांचं, म्हणजे मयत खातेदाराचे पैसे घरच्यांना देण्याचं काम स्वतःकडे ठेवलं. आज जे शाखाधिकारी त्या खुर्चीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं काम, एक वही घाला. बहुतेक शाखांत दाव्याची नोंद सगळी कागदपत्रं पूर्ण झाल्यावर होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांतही १५ दिवसांची मुदत सगळे कागद मिळाल्यापासूनच मोजतात. त्यापुढे उशीर झाला आणि कारण बँकेचं असलं, तर ठेवीच्या रकमेवर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो व्याजदर) वर ४ टक्के दरानं भरपाई द्यावी लागते. नियम चांगला आहे, पण "अजून एक कागद राहिलाय" असं म्हणत राहिलं की घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून आपल्या वहीत माणूस पहिल्यांदा काउंटरवर आला ती तारीख लिहायची. पुढे खेप क्रमांक दोन, तीन, चार असे रकाने आणि प्रत्येक खेपेला परत का पाठवलं ते एका ओळीत. महिनाभरानं ती वही उघडून बसा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त खेपा दोनच कारणांनी पडत होत्या: नावातला फरक, आणि सही करणारा अधिकारी रजेवर.

सहीचं सोपं होतं. दावा मंजूर करायला एकाच्या जागी दोघांना अधिकार आहेत का, ते विभागीय कार्यालयाकडून लेखी मागून घेतलं आणि त्या कागदाची प्रत फाइलच्या पहिल्याच पानावर लावली.

नावाचं मात्र बारकाईनं पाहावं लागतं. दाखल्यावर नुसतं नाव, पासबुकात त्याच नावाला 'बाई' जोडलेलं, आधारवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी. आपला क्लार्क हे बघतो आणि लगेच म्हणतो, प्रतिज्ञापत्र करून आणा. तहसीलला जा, स्टॅम्पपेपर घ्या, दिवस गेला. त्याऐवजी फोटो, जन्मसाल, पत्ता, पती किंवा वडिलांचं नाव या चार गोष्टी शाखेतल्या जुन्या अर्जाशी ताडून पाहा. जुळत असतील तर अधिकाऱ्यानं फाइलवर दोन ओळींचा शेरा लिहून खाली सही करावी. माणूस एकच आहे अशी आपली खात्री पटली असेल, तर ती खात्री कागदावर उतरवणं आपलंच काम आहे. खरोखर शंका असेल तिथेच प्रतिज्ञापत्र मागा.

दुसरं, फाइल हातात आल्याबरोबर वाटणी करा. नॉमिनी आहे किंवा खातं 'दोघांपैकी एक किंवा हयात' असं आहे, हा एक गठ्ठा. इथे दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि घेणाऱ्याची ओळख एवढंच लागतं. वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार यातलं काही मागायचं नाही, रक्कम कितीही असो. हे रिझर्व्ह बँकेनं २००५ पासून सांगितलंय आणि तरीही मागितलं जातं. नॉमिनी हा वारसांच्या वतीनं पैसे घेतो, मालक होत नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. त्याला दिल्यावर बँकेची जबाबदारी संपते. घरातला वाद बँकेनं आपल्या डोक्यावर घ्यायचा नसतो, कोर्टाचा मनाई आदेश हातात आला तरच थांबायचं. नॉमिनी नाही पण रक्कम मर्यादेतली आहे, हा दुसरा गठ्ठा. नव्या निर्देशांत ही मर्यादा व्यापारी बँकांना किमान १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख आहे. त्याआत हमीपत्र आणि इतर वारसांचं नाहरकत पत्र यावर काम होतं. लॉकर आणि कर्जखाती वेगळ्या फाइलीत ठेवा, त्यांच्यामुळे साध्या बचत खात्याचा दावा अडकवू नका. मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागली तर मयताच्या बाबतीत दंड लावायचा नाही, हेही काउंटरवरच्या नव्या पोरांना माहीत नसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. येणारा माणूस एका पासबुकाची चौकशी करतो. त्याच्या माणसाचा विमा होता हे त्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. ते आपण सांगायचं. पासबुक हातात घ्या, मे महिन्याचं पान काढा आणि बोट ठेवून वाचा. ४३६ रुपयांची वजावट दिसली की ती प्रधानमंत्री जीवनज्योती. २० रुपयांची दिसली की सुरक्षा विमा. २०२२ च्या जूनच्या आधी हे आकडे ३३० आणि १२ होते. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण असतं, एक जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत. जीवनज्योतीत मृत्यूचं कारण कुठलंही चालतं, फक्त नव्यानं नाव घातलेल्याला अपघात सोडून पहिल्या ३० दिवसांत लाभ मिळत नाही. सुरक्षा विमा केवळ अपघाताचा. जनधनचं रुपे कार्ड असेल तर त्यावरही अपघात विमा असतो, पण कार्ड अपघाताआधीच्या ठरावीक दिवसांत वापरलेलं असावं लागतं. म्हणून कार्डाचे व्यवहारही त्याच वेळी काढून ठेवा.

एकदा एक तरुण बापाचं बचत खातं बंद करायला आला होता. बाप शेतात साप चावून गेलेला. खात्यात तीन हजार. मे महिन्याच्या पानावर मला २० रुपये दिसले. सर्पदंश अपघातात धरतात, पण त्याला दवाखान्याची नोंद लागते. या घरच्यांनी ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं, केसपेपर घरात गादीखाली होता. तो तरुण सायकलवरून जाऊन घेऊन आला. शेतकरी कुटुंब म्हणून त्याच कागदांच्या आणखी प्रती काढून त्याला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवलं, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तिथे होतो. कागद एकदाच जमवायचे आणि जिथे जिथे लागतात तिथे एकाच दिवशी द्यायचे.

विम्याचा दावा कंपनीकडे पाठवताना मास्टर पॉलिसी नंबर (बँकेच्या सगळ्या खातेदारांची मिळून जी एक पॉलिसी असते तिचा नंबर) आणि वजावटीची तारीख शाखेनंच भरायची, घरच्यांना ते रकाने रिकामे देऊ नयेत. नॉमिनीच्या पासबुकाची झेरॉक्स स्पष्ट हवी, खाते क्रमांकातला एक अंक पुसट असला तरी दावा परत येतो. पाठवल्यावर काम संपलं असं मानू नका. कंपनीची शंका ईमेलवर येते, शाखेच्या सामाईक मेलबॉक्समध्ये पडते आणि तिथेच राहते. माझ्या शाखेत एक दावा असाच तीन महिने पडून होता. त्यांना फक्त दाखल्याची स्वच्छ प्रत हवी होती. तेव्हापासून एका कर्मचाऱ्याचं नाव ठरवलं. दर सोमवारी काउंटर उघडण्याआधी तो मेलबॉक्स पाहणार, कंपनीला फोन करणार आणि वहीत लिहिणार. घरच्यांच्या पोचपावतीवर दाव्याचा क्रमांक आणि त्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून द्या, म्हणजे ते गावातून फोन करून विचारू शकतात.

पेन्शनर असेल तर पहिल्याच खेपेला पेन्शन थांबवण्याचं आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याचं पत्र घ्या. दोन्ही कागद एकत्र. नाहीतर मृत्यूनंतर जमा झालेल्या रकमेची वसुली पुढे विधवेच्याच माथी येते.

हे सगळं मूळ अर्जावरच ठरतं, म्हणून शांत दिवसांत, म्हणजे महिन्याच्या मधल्या आठवड्यात, रेकॉर्ड रूमचं काम काढा. सिस्टीममधून नॉमिनी नसलेल्या खात्यांची यादी घ्या, जुन्यातल्या जुन्या खात्यांपासून गठ्ठे सोडा आणि सापडलेले डीए-१ सिस्टीमवर चढवा. आम्ही रोज वीस अर्ज पाहायचो. ज्यांचा फॉर्म सापडला नाही ते पासबुक छापायला येतात तेव्हा मशीनशेजारीच फॉर्म भरून घ्यायचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, तेव्हा "पोरांत भांडणं होतील म्हणून कुणाचंच नाव नको" असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना टक्केवारीनं वाटून देता येतं हे समजावून सांगा. भरलेल्या फॉर्मची पोच द्या आणि पासबुकावर नॉमिनीची नोंद छापून त्यांच्यासमोर वाचून दाखवा.