ऑर्डरी थांबल्या, नोकरी गेली: ईएसआयसीकडून बेकारीचे पैसे कसे मिळवायचे

2025 च्या 27 ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालावरचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, 50 टक्क्यांवर नेला आणि अंधेरीच्या सीप्झ या एक्स्पोर्ट झोनमधल्या ज्वेलरीपासून तिरुपूरच्या कपड्यांपर्यंत एक्स्पोर्टवर चालणाऱ्या धंद्यांना फटका बसला. तुमची नोकरी अशी गेली असेल तर एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, "टॅरिफग्रस्त कामगार" म्हणून आपल्याकडे वेगळी योजना नाही, कोणी तसला फॉर्म भरायला पैसे मागत असेल तर देऊ नका. अमेरिकेत परदेशी मालामुळे काम गेलेल्यांसाठी ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची खास योजना होती, पण तिथेही 1 जुलै 2022 पासून नवीन कामगारांना मंजुरी बंद आहे. आपला हक्क आहे तो ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात, पगारातून दर महिन्याला 0.75 टक्के कापले जातात ना, त्यातच.

योजना दोन आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकूण 90 दिवसांपर्यंत. म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या चार कॉन्ट्रिब्युशन पिरियडची, अर्थात दोन वर्षांची कमाई भागिले 730, आणि त्याचं अर्धं. सलग 18,000 पगार असेल तर दिवसाला साधारण 295 रुपये, पूर्ण 90 दिवसांचे 26,600 च्या आसपास. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, ती कंपनी बंद पडली किंवा कपातीत, म्हणजे रिट्रेंचमेंटमध्ये नोकरी गेली तर. त्यात पहिले 12 महिने 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के. फरक बघा केवढा आहे! म्हणून हातात कपातीचं किंवा क्लोजरचं पत्र असेल तर आधी राजीव गांधीचं विचारा, काउंटरवर सगळे अटलच सांगतात.

आता दिवस मोजा. अटलसाठी नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा हवा, लगेच आधीच्या कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये 78 दिवस भरलेले हवेत आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्याही एकात 78. पिरियड म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा नोव्हेंबरमध्ये काढलं तर एप्रिल-सप्टेंबर बघायचा. आणि इथेच एक्स्पोर्टवाले अडकतात, कारण मालक एकदम काढत नाही, आधी "आठवड्याला तीनच दिवस या" म्हणतो. सहा महिन्यांत 26 आठवडे, तीन-तीन दिवसांनी बरोबर 78, एक दिवस आजारी पडलात की 77. म्हणून काम कमी झालं की त्याच महिन्यापासून ईएसआयसीच्या पोर्टलवर आयपी, म्हणजे विमाधारक म्हणून, लॉगिन करून किती दिवस चढलेत ते बघत जा. पगार स्लिपवर कापलेत आणि पोर्टलवर नाहीत, असं असेल तर स्लिपा घेऊन ब्रँच ऑफिसला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, नोकरी जायची वाट बघू नका.

सगळ्यात अवघड जागा मात्र ही नाही. ती आहे नोकरी सुटल्याचं कारण. आमच्या लाइनमधल्या किती जणांचे कागद मी बघितलेत, पैसे अडकतात ते इथेच. ऑफिसात बोलावतात, टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो, "राजीनाम्यावर सही करा, हिशोब आजच मिळेल, नाहीतर दोन महिने थांबा." सही करू नका. पुन्हा सांगतो, कितीही गोड बोलले तरी करू नका, राजीनामा आला की राजीव गांधी योजना संपली, वर्षाला 15 दिवसांच्या पगाराची कपात भरपाई आणि महिन्याची नोटीसही गेली, आणि अटलमध्येही स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला किंवा गैरवर्तनाने काढलेल्याला पैसे नाहीत, म्हणजे तिथेही प्रश्न सुरू. "राजीनामा दिला तरी काही फरक पडत नाही" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, फरक त्याला पडत नाही, तुम्हाला पडतो.

तुम्ही सही केली नाही म्हणून संपलं असंही नाही. मालक महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन भरताना तुमच्या नावापुढे शून्य दिवस टाकतो आणि ड्रॉपडाउनमधून कारण निवडतो, त्यात लेफ्ट सर्व्हिस (नोकरी सोडली), रिट्रेंचमेंट, नो वर्क असे वेगवेगळे पर्याय असतात, आणि हिशोबाची पोरं सवयीने सगळ्यांना लेफ्ट सर्व्हिस लावून मोकळी होतात. त्यामुळे निघायच्या आधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी मागा, काढल्याचं पत्र ज्यात कामाअभावी किंवा ऑर्डरअभावी हे कारण आणि शेवटच्या दिवसाची तारीख असेल, आणि पोर्टलवर तेच कारण टाकणार असं आश्वासन. तोंडी नको, मेल तरी घ्या. देत नाहीत? मग तुम्हीच मेल करा की अमुक तारखेपासून मला काम नाही असं सांगण्यात आलं, मी राजीनामा दिलेला नाही. तो मेल पुढे फार कामाला येतो.

बाकी सोपं आहे. बेकारीचे 30 दिवस झाले की अटलचा क्लेम ऑनलाइन भरा, प्रिंट, आधार आणि पासबुकची झेरॉक्स ब्रँच ऑफिसला द्या, मालकाची सही लागत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, ती त्याच वेळी विचारून घ्या. पीएफ वेगळा, तो यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफ खाते नंबरवरून काढायचा.

पगार 21,000 च्या वर गेल्यामुळे कव्हरमधून बाहेर पडला असाल तर मात्र दोन्ही योजना नाहीत, तुमची वाट नोटीस पे आणि कपात भरपाईचीच. आणि ज्यांचा क्लेम मंजूर होईल त्यांनी ईएसआयसीचं ई-पहचान कार्ड कपाटात टाकून देऊ नका, पैसे मिळत असतात त्या काळात दवाखानाही चालू असतो.