कानाला दडा, तोंड वाकडं: डायव्हरनी या चुका टाळा

पाण्यात उतरताना कानाला दडा बसला की नाक दाबून जोर लावायचा, नाही सुटला तर आणखी जोर लावायचा. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कान आणि घसा जोडणारी युस्टेशियन नळी दाबाने एकदा मिटली की फुंकून उघडत नाही, आणि ती मिटायला जेमतेम सव्वा मीटर खोली पुरते. त्यातही जोर केलात तर आतल्या कानाचा नाजूक पापुद्रा फाटू शकतो. मग गरगर, कानात शिट्टी, बहिरेपणा. डोकं पाण्याखाली जाताच, दडा बसायच्या आधी कान मोकळे करत राहा. अडलं तर मीटरभर वर या. तरी जमलं नाही तर डाइव्ह सोडा. ‘खाली गेल्यावर सुटेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो.

सर्दीत नाकात थेंब टाकून उतरणं ही दुसरी चूक. थेंबांचा असर पाण्याखाली ओसरला की वर येताना हवा कानातच कोंडते आणि फुगत जाते. चेहऱ्याची नस मधल्या कानाच्या भिंतीतूनच जाते, आणि काहींच्या नसेवर हाडाचं कवच अपुरं असतं. कोंडलेल्या हवेने त्या नसेचा रक्तपुरवठा दबतो आणि तोंड वाकडं होतं. बोटीवर बाटली तोंडाला लावावी तर पाणी एका बाजूने ओघळतं, त्या बाजूचा डोळा मिटत नाही.

अशा वेळी पुन्हा फुंकू नका. आत आधीच हवा जास्त आहे. नाक दाबून आवंढा गिळा, जांभया द्या, जबडा हलवा. हवा सुटली की बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत चेहरा सरळ होतो. नाहीच सुटली तर कानाचे डॉक्टर पडद्याला बारीक छेद देतात.

पण सगळं कानावर ढकलूनही चालत नाही. तोंड वाकडं असूनही कपाळावर दोन्हीकडे सारख्या आठ्या पडत असतील, हातपाय बधिर असतील किंवा बोलणं अडखळत असेल, तर दुखणं मेंदूचं असू शकतं. ऑक्सिजन लावा, रुग्णालय गाठा.

गरगरण्याचंही तसंच. ते कधी सुरू झालं, हे डॉक्टरांना न विचारताच सांगा. उतरताना, जोर लावल्यावर? की कान सहज सुटत असताना, खोल डाइव्हनंतर वर आल्यावर? दुसऱ्या प्रकारात रक्तातल्या बुडबुड्यांचा संशय असतो, आणि रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवणाऱ्या चेंबरमध्ये न्यायला उशीर परवडत नाही. पहिल्यात चेंबरमध्ये पुन्हा कान मोकळे करावे लागतात आणि जखम वाढू शकते.

आणि हो, डाइव्हनंतर कान दुखतोय म्हणून घरातले जुने थेंब कानात घालू नका. पडदा फाटलेला असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतात.