अबोला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय? आधी घराचा नकाशा काढा

"तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा चार हातांवर बसलेले, तरी निरोप जातो सात वर्षांच्या पोराकरवी. असं निरोप्या झालेलं मूल सतत मोठ्यांची तोंडं बघत राहतं. शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखतं. मोठेपणी कुणी गप्प झालं तरी छातीत धडधडतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी तिघांच्या या गाठीला त्रिकोण म्हटलं.

ही गाठ घरात कुठून आली ते बघायला घरातल्या माणसांचा नकाशा काढा. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, पेन्सिलीनंच काढा. खाली तुम्ही भावंडं, मध्ये आईवडील, काका, आत्या, मामा, मावशी, वर दोन्हीकडचे आज्जा-आज्जी. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर फुली. भांडण असेल तिथं नागमोडी रेघ, दुरावा असेल तिथं ठिपक्यांची. बोलणंच बंद असेल तर रेघ मध्येच तोडा. शेजारी वर्षं घाला: लग्न, मृत्यू, शेताची वाटणी, दारू लागली ते साल. तुटलेली रेघ आणि वाटणीचं साल जवळजवळ आलं, तर तिथं थांबून विचारा.

विचारायचं कुणाला? गणपतीला सगळे गावी जमतात, पण तेव्हा विषय काढू नका. चारचौघांत जुना हिशेब उकरला जातो. आत्याला एकटीला गाठा, तांदूळ निवडताना. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतं. "आज्जा असे का वागायचे?" म्हटलं की बाजू घेणं सुरू होतं. त्याऐवजी "रागावले की जेवणाचं कसं व्हायचं? आधी कोण बोलायचं?" असं विचारा, प्रसंग आपोआप येतात.

हा कागद वडिलांपुढं धरू नका. त्यांना ते आरोपपत्र वाटेल, आणि नवा अबोला सुरू होईल.

मग १४ दिवस स्वतःचा अबोला वहीत लिहा: कशावरून, किती तास, अंगात काय झालं. तो एकदम सुटत नाही, आधी आखूड करा. गप्प होण्याआधी एवढंच म्हणा: "मला राग आलाय, रात्री जेवणानंतर बोलू." वेळ सांगितलीच पाहिजे, आणि पाळलीही पाहिजे, नाहीतर हा जुनाच अबोला. पोराला निरोप देऊ नका. सुरुवातीला घरचे जास्तच ताणतील, "तू बदललीस" म्हणतील. तेव्हाच बहुतेकजण सोडून देतात. अजून काही आठवडे धरून ठेवा.

घरात मारहाण असेल तर हा उपाय नव्हे. आधी सुरक्षित जागा बघा. दोन आठवडे झोप उडाली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा. प्रत्यक्ष दाखवायला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. जाताना नकाशा सोबत न्या. डॉक्टर घरच्यांबद्दल विचारतातच.