ईसीजीत क्यूटी लांब दिसला? आधी या चुका टाळा

एखाद्या धडधाकट बाईच्या ईसीजीवर मशीन ‘क्यूटी लांबलेला’ असा शेरा छापते आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. क्यूटी म्हणजे एका ठोक्यात क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ. असा कागद हातात आला की दोन गोष्टी आधी पाहाव्यात: त्या वेळी ठोके किती होते आणि कागद बाईचा आहे की पुरुषाचा.

छापलेला क्यूटीसी जसाच्या तसा धरणे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखूड होतो, म्हणून तो मिनिटाला ६० ठोक्यांच्या हिशेबात आणून क्यूटीसी काढतात. बहुतेक मशीन यासाठी १९२० सालचे बॅझेटचे सूत्र वापरतात: दोन ठोक्यांमधले अंतर, म्हणजे आरआर, सेकंदांत घ्यायचे आणि त्याच्या वर्गमुळाने क्यूटीला भागायचे. ठोके ६० च्या आसपास असतील तर सूत्र ठीक चालते. ठोके वाढले की ते आकडा फुगवते आणि कमी झाले की दाबते.

कागदावर करून पाहा. वेग सेकंदाला २५ मिमी असेल तर एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा. आरआर १५ चौकोन, म्हणजे ०.६ सेकंद, ठोके १००. क्यूटी ९ चौकोन, म्हणजे ३६० मिलिसेकंद. बॅझेटने क्यूटीसी येतो ४६५. बाईसाठीसुद्धा हा जास्तच. आता फ्रिडेरिशियाचे सूत्र लावा, तेही १९२० चेच. त्यात वर्गमुळाऐवजी घनमूळ घेतात. उत्तर ४२७, अगदी नॉर्मल. हॉजेसचे सूत्र तोंडी जमते: ६० च्या वरच्या प्रत्येक ठोक्यामागे क्यूटीत १.७५ मिळवा. इथे ४३०.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषाचे ठोके ५०, क्यूटी ४८०. बॅझेट ४३८ दाखवतो आणि कागद फाइलला जातो. फ्रिडेरिशियाने मात्र ४५२ येतो, म्हणजे पुरुषांच्या ४५० च्या मर्यादेपेक्षा जास्त. ठोके ६० च्या खाली किंवा ९० च्या वर असतील तर दुसऱ्या सूत्राने पडताळल्याशिवाय शेरा लिहूच नका.

आल्या आल्या ईसीजी काढणे

ठोके बदलले तरी क्यूटी लगेच त्यांच्या मागोमाग जात नाही, त्याला एक-दोन मिनिटे तरी लागतात. झोपलेला माणूस उठून बसला की ठोके वाढतात, क्यूटी मात्र अजून आधीच्याच वेगाचा असतो आणि क्यूटीसी उगाच जास्त येतो. पाच मिनिटे शांत पडू द्या, मगच बटण दाबा. श्वासाबरोबर ठोके मागेपुढे होत असतील, आणि तरुणांत ते होतातच, तर एका ठोक्यावर न जाता तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्या.

हाताने मोजताना लीड दोन किंवा व्ही५ (ईसीजीवरच्या वेगवेगळ्या नोंदींपैकी दोन) घ्या. टी वेव्हच्या उतरत्या बाजूला जिथे उतार सर्वांत तीव्र, तिथे स्पर्शरेषा ओढा. ती आधाररेषेला मिळते तिथे क्यूटी संपला. मागची छोटी यू वेव्ह त्यात धरू नका.

मशीनमध्ये ‘लिंग’ रकाना रिकामा सोडणे

अनेक मशीन वय आणि लिंग बघूनच शेरा ठरवतात. क्यूटीसीची वरची मर्यादा पुरुषांसाठी ४५०, स्त्रियांसाठी ४६०. लहान मुलामुलींत हा फरक जवळपास नसतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलग्यांचा क्यूटीसी आखूड होतो, तेव्हा तो दिसू लागतो.

बाकीचे आकडेही सारखे नसतात. स्त्रियांचा क्यूआरएस (ठोक्यातली मोठी टोकदार लाट) थोडा अरुंद आणि उंचीने कमी असतो. म्हणून हृदयाचा खालचा डावा कप्पा जाड झाला का हे कॉर्नेल पद्धतीने पाहताना एव्हीएल या लीडमधला आर (क्यूआरएसचे वरचे टोक) आणि व्ही३ मधला एस (त्यानंतरचे खालचे टोक) यांची बेरीज पुरुषांत २८ मिमीच्या वर, तर स्त्रियांत २० मिमीच्या वर असली की संशय घ्यायचा. व्ही२-व्ही३ मधला एसटी (क्यूआरएस आणि टी यांमधला भाग) चाळिशीच्या आतल्या निरोगी पुरुषांत मुळातच वर असतो, त्यामुळे तिथे हार्ट अटॅकसाठी मर्यादा २.५ मिमी, चाळिशीपासून पुढे २ मिमी. स्त्रियांत कोणत्याही वयात १.५ मिमी. पुरुषाची मर्यादा बाईला लावली तर खरा झटका निसटू शकतो, आणि ही चूक जिवावर बेतते.

इलेक्ट्रोड अंदाजाने लावणे

संकोचापोटी छातीचे इलेक्ट्रोड वर सरकवले जातात. मग व्ही१ ते व्ही४ मध्ये आर वाढत नाही आणि जुन्या अटॅकचा खोटा संशय येतो. बोटाने बरगड्या मोजा. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या फटीत, व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. बाईला सांगून, पडदा ओढून, स्तन हलकेच उचलून इलेक्ट्रोड त्याखाली बसवा.

दोन कागद दोन सूत्रांनी ताडणे

क्यूटी लांबवणारे औषध, उदाहरणार्थ मानसिक आजारावरचे हॅलोपेरिडॉल, सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा ईसीजी ताडताना दोन्हींना एकच सूत्र लावा आणि त्याचे नाव क्यूटीसीच्या शेजारी लिहा. अशा औषधांनी होणारा हृदयाच्या लयीचा जीवघेणा बिघाड स्त्रियांत जास्त दिसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत हा जुना कागद हाताशी असायलाच हवा.