हल्दियात ड्राफ्ट सर्व्हे: आधी पाण्याची घनता
ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय (ड्राफ्ट) ते वाचून मालाचं वजन काढणं. हल्दिया बंदरात हुगळी नदीचा खारेपणा भरती-ओहोटीनुसार बदलतो, पावसाळ्यात तर तो फारच कमी होतो. म्हणून कोळसा उतरवण्याआधी घनता समुद्राच्या पाण्याइतकी, 1.025 (टन प्रति घनमीटर), गृहीत धरू नका.

बॅलास्टचे (जहाज स्थिर ठेवायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचे) पंप, क्रेन थांबवा. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी असे सहा ड्राफ्ट वाचा. पाण्याचा नमुना बादलीने वरवरचा घेऊ नका (गोडं पाणी वरच राहतं). ड्राफ्टच्या निम्म्या खोलीवरून काढा आणि लगेच हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) लावा. उन्हात ठेवलेला नमुना खोटं बोलतो. जहाजाच्या तक्त्यातलं विस्थापन (त्या ड्राफ्टला जहाजाचं मालासकट एकूण वजन) 1.025 ने भागून मोजलेल्या घनतेने गुणा. 50,000 टनांवर 0.001 ची चूक म्हणजे जवळपास 49 टनांचा घोळ, मग भांडण ठरलेलंच.

बॅलास्ट टाक्यांच्या साउंडिंगला (मोजलेल्या पाण्याच्या खोलीला) ट्रिमची (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधल्या फरकाची) दुरुस्ती लावा. तफावत बरेचदा तिथेच सापडते.